फणसाचा खांब

माझ्या घरात कामाला येणाऱ्या माणसाकडून मी काय मागायचो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दिलेल्या दिवशी यावं. चहाला बोलावलं तर यावं, पण चहासाठी म्हणून येऊ नये. देवखोलीच्या उंबऱ्यावर पाय देऊ नये. आणि जे मला दिसत नाही त्यात मला फसवू नये. हे शेवटचं सगळ्यांत मोठं. भिंत वाकडी झाली तर ती मला दिसते. पण चारी बाजूंनी तासून काढलेल्या खांबात बूड कुठलं नि शेंडा कुठला, कोणाच्या बापाला दिसतं? ते एका सुताराला ठाऊक. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा, बूड खाली नि शेंडा वर, ही आमच्याकडची रीत. उलटा खांब लागला की त्या घरात पोर जगत नाही. मी एकटा नाही म्हणत, सगळी देवगड खाडी म्हणते.

मी गंगाराम तांडेल. तीस वर्षं गलबत हाकलं, देवगड ते मुंबई. दर्यावर माझा राग कामाला यायचा. वादळात खलाशाला 'बाबा रे, जरा शीड उतरव' असं कोण सांगत बसतो? कानाखाली वाजवली की शीड आपोआप उतरतं. पण मी जमिनीवर आलो तरी राग काही उतरला नाही. माझी बायको राधाबाई म्हणायची, "तुमका घरात ठेवण्यापेक्षा नांगर टाकून खाडयेत ठेवूक व्हया."

चौपन्न साली मी नवं घर बांधलं. मधला खांब, ज्याच्यावर छपराचं सगळं आडं टेकतं, तो आमच्याच परसातल्या जुन्या फणसाचा. सुतार होता बाबली मेस्त, तळेऱ्याकडचा. हाडकुळा, बोलायला महाग. ओंडका समोर आला की डोळे मिटायचा, दोन्ही टोकांवरून उजव्या हाताचा अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "ह्या बूड." संपलं. त्याच्यावर पुढे कोणी बोलायचं नाही.

त्याचं नि माझं तेव्हाच एकदा वाजलं होतं. मला डबा फोडायचा होता म्हणून मी त्याची पटाशी मागितली. म्हणाला, "हत्यार मी कोणाक दिनय नाय, तांडेलांनु. एका कामाचा हत्यार दुसऱ्या कामाक लावचा नसता." माझ्या घरात, माझ्या पडवीत बसून मला शिकवतो! मी तो डबा अंगणात असा भिरकावला की माडावरचे कावळे उडाले. बाबलीने मानही वर केली नाही. ते माझ्या डोक्यात राहिलं ते राहिलंच.

छप्पन साली पहिला नातू झाला. माझा मुलगा सत्यवान मुंबईला गोदीत, सून सुगंधा इथे आमच्यापाशी. बाळंतपण राधाबाईनेच केलं. नाळ कापायला कोयतीला मी स्वतः धार लावली, कपाळाला लावली आणि आत दिली. सहा दिवस पोर दणकून प्यालं. सातव्या दिवशी त्याचं तोंड उघडेना. आठव्या दिवशी अंग फळीसारखं ताठ झालं, दातखीळ बसली आणि गेलं. अठ्ठावन्न साली दुसरा. तीच कोयती, तीच धार, तोच आठवा दिवस. दोन्ही खड्डे मीच खणले, माडाखाली. सुगंधा विहिरीच्या कठड्यावर बसून पोलक्यातलं दूध पिळून टाकायची आणि मी परड्यात जाऊन केळीवर कोयता चालवायचो. सहा केळी मारल्या मी त्या आठवड्यात. दुसरं काय मारणार?

साठ साली सुगंधाला तिसऱ्यांदा नववा लागला. दुपारचा मी मधल्या खांबापाशी चटई टाकून पडलो होतो. नजर खांबावरच्या गाठीवर गेली. फांदी जिथे फुटलेली असते तिथे लाकडात गाठ राहते आणि तिच्या रेषा फांदी गेली त्या बाजूला वळतात. ह्या गाठीच्या रेषा खाली वळल्या होत्या. मी उठून बसलो. फांदी वर जाते. खाली कशी जाईल? म्हणजे खांब उलटा. सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर उलटा खांब उभा होता आणि माझी दोन पोरं त्याने खाल्ली होती. कानात नुसतं घण मारल्यासारखं व्हायला लागलं.

"खंय चाललास?" राधाबाई ओरडली.

"बाबलीक बघूक," मी म्हटलं.

यष्टीने तळेरे, तिथे तो खारेपाटणला कामावर असल्याचं कळलं, म्हणून दुसरी गाडी धरून खारेपाटण. बाबली तिथे भाई म्हणून एक भुसारी दुकानदार आहे त्याच्या घरी पोटमाळा घालत होता. दिवस अजून बराच वर होता. मी ओटीवरून सरळ आत. बाबली खाली बसून तासलेला वासा मापत होता, शेजारी वाकस पडलेला. वाकस म्हणजे सुताराचं ते आडव्या पात्याचं हत्यार, कुदळीसारखं, पण धार वस्तऱ्याची. त्याने मला बघितलं आणि हसला. हसला म्हणून मला आणखी चेव आला.

पहिली लाथ त्याच्या छातीत बसली. तो वाशावरून मागे उलटला. मी त्याच्या मानगुटीवर गुडघा दिला.

"खांब उलटो घातलंस! शिरा पडो तुझ्या तोंडार! माझे दोन नातू खाल्लंस मेल्या! आठव्या दिवसाक दातखीळ बसान मेली माझी पोरां, आठव्या दिवसाक! आता सुनेक परत नववो लागलो!"

"तांडेलांनु, खांब सुलटो आसा…" एवढंच तो म्हणाला. पुढचं माझ्या मुठीने त्याच्या तोंडात कोंबलं. नाक फुटलं, रक्त भुशावर सांडलं. त्याचा उजवा हात वाकसाकडे गेला. मला वाटलं मारायला उचलतोय. आता कळतं, तो वाकस माझ्या पायाखालून बाजूला सारत होता, मला धार लागू नये म्हणून. पण तेव्हा कळतंय कोणाला! मी वाकस आधी उचलला, त्याचा हात वाशावर दाबला आणि वाकसाची पाठ घातली. एकदा. दोनदा. दुसऱ्या वेळी हाडं मोडल्याचा आवाज आला, सुकी काठी मोडते तसा. तिसऱ्या घावाला वाकस हातात फिरला आणि धार मनगटाखाली घुसली. बाबली ओरडला नाही. नुसता त्या हाताकडे बघत राहिला.

तेवढ्यात भाईने दाराचा अडसर माझ्या तोंडावर घातला. समोरचे दोन दात तिथेच पडले. भाई बारकासा माणूस, पण अडसर सागवानी. पाठीत घातला, गुडघ्यावर घातला, मी ओटीवरून अंगणात गडगडलो तरी मागे येऊन घातला.

"माझ्या घरात कामाक इललो माणूस सांजेपर्यंत माझो!" तो ओरडत होता. "माझो! त्येचो हात मोडलंस तू, माझ्या घरात! परत हयसर पाय ठेवलंस तर जित्तो जावचंस नाय!"

मी रक्त थुंकलो आणि उठलो. "उद्या तो खांबच उपटतंय," मी म्हटलं, आणि वाट धरली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. दात गेले त्याचं काही नाही, पण आता हे पोर वाचणार असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजारच्या महादूला बोलावलं. महादू माझ्या गलबतावरचा जुना खलाशी, मी सांगेन ते करणारा, तेच त्याचं चुकलं. डोलकाठी उभी करायचे दोर काढले, कप्पी काढली, आड्याखाली दोन टेकू दिले. राधाबाई पदर खोचून मध्ये उभी राहिली. "घरात गरवार बायल आसा, नि तुमी छप्पर काढतास? डोक्या फिरला काय तुमचा?" मी तिला दंडाला धरून बाजूला केली. राधाबाईला मी आयुष्यात तेव्हा एकदाच हात लावला. तिने तो कधी विसरला नाही, आणि मला विसरू दिला नाही.

खांब तळखड्यावरून, म्हणजे बुडाखालच्या दगडावरून, घणाने सरकवला. चौथ्या घणाला तो सुटला आणि त्याच्यामागोमाग एक टेकू सुटला. आडं हातभर खाली आलं. छपरातून असा काही आवाज निघाला की बास, आणि अर्ध्या छपराची नळीची कौलं धबाधब खाली. महादूच्या डोक्याला खोक पडली, डोळ्यांत रक्त उतरलं, तो आंधळ्यासारखा हात पसरून फिरायला लागला. माझ्या खांद्यावर वासा बसला. धुळीतून बघतो तर माजघराच्या दारात सुगंधा, पोट दोन्ही हातांनी धरून, आणि तिच्या लुगड्यातून पाणी गळतंय.

"पाण्याची पिशवी फुटली!" राधाबाई किंचाळली. तिने सुगंधाला ओढत गोठ्यात नेलं, कारण डोक्यावर छप्पर उरलेली तेवढीच जागा होती.

मी नि महादू अंगणात त्या खांबाशेजारी बसलो. गोठ्यातून सुगंधाचं कण्हणं ऐकू येत होतं. महादूच्या डोक्याला मी माझाच पंचा बांधला. मग मी कोयती घेतली, तीच, बांगड्यांची पोटं फाडायची, कारण घरात तिच्यासारखी धार कशालाच नव्हती. दगडावर पाणी टाकून घासायला बसलो. खांब निघालाय, आता काय भ्यायचं? ऊन डोक्यावर आलं तेव्हा गोठ्यातून राधाबाईची हाक आली.

"कोयती हाडा! बेगीन!"

मी उठलो आणि समोर बाबली.

कुंपणाच्या बेड्यातून अंगणात आला होता. नाक सुजून बटाट्याएवढं, एक डोळा मिटलेला. उजवा हात फळीवर बांधून गळ्यात अडकवलेला, पट्टीवर रक्ताचा डाग. त्याने पडलेलं छप्पर बघितलं, खांब बघितला. मला वाटलं, हसायला आलाय. बघायला आलाय माझं घर पडलेलं. माझ्या हातातली कोयती आपोआप वर गेली. महादू ओरडला, पण उठू शकला नाही.

बाबली मागे सरला नाही. डाव्या हाताने त्याने कमरेची पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मार मगे," तो म्हणाला. "आधी ह्या आत दी."

कापसात गुंडाळलेलं दाढीचं कोरं पातं आणि धुतलेल्या दोऱ्याचा तुकडा.

"खारेपाटणाक दवाखान्यात नर्सीन माका सुई टोचली," बाबली म्हणाला. एकेक शब्द सुजल्या ओठांतून काढत होता. "लोखांडाची जखम म्हणान. टोचली नाय तर दातखीळ बसता, म्हणाली. दातखीळ म्हटल्यार माका याद इली. काल तू माका मारताना आरडत होतंस, आठव्या दिवसाक दातखीळ. मी तिका सांगलंय. ती म्हणाली, त्या पोरांची नाळ कशान कापली होती? मासळेच्या कोयतेन? ह्या पाता तिनाच उकडून दिलान. हात लावू नको. कापसासकट दी."

कालपर्यंत तो मला 'तांडेलांनु' म्हणायचा. आज पहिल्यांदा 'तू' म्हणाला.

"कोयती!" राधाबाई परत ओरडली.

मी हातातल्या कोयतीकडे बघितलं. तिच्या मुठीजवळच्या फटीत चांदीसारखा चमकणारा एक खवला अडकला होता. परवाचा बांगडा. दोनदा हीच मी कपाळाला लावून आत दिली होती. घासून घासून, मोठ्या अभिमानाने. दोन्ही खड्डे खणताना माझ्या कमरेला हीच होती. आवशीक खाव, देवा! मी ती फेकली. कुठे पडली बघितलंसुद्धा नाही. पुरचुंडी घेऊन गोठ्याच्या दाराशी गेलो, तोंड फिरवून आत दिली आणि म्हटलं, "ह्याच्यान काप. उकळत्या पाण्यात हात धू. माका काय इचारू नको." 

थोड्या वेळाने पोर रडलं. मुलगी होती.

मी अंगणात परत आलो तेव्हा बाबली खांबाजवळ उकिडवा बसला होता. मी त्याच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो.  लाज वाटत होती, दुसरं काय.

"हो खाडयेत टाक," तो खांबाकडे बोट करून म्हणाला.

"कशाक आता?"

"माझ्या कामार बोट ठेवलंस म्हणान."

महादूचं डोकं फुटलेलं, बाबलीचा हात मोडलेला. मी एकट्याने दोराने ओढत खांब खाडीपर्यंत नेला आणि ढकलला. लाकूड पाण्यात पडलं की बुडाकडचं टोक जड असतं, ते खोल बसतं. शेंडा वर तरंगतो. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं मी तुटलेल्या डोलकाठ्या नि वाहून आलेले ओंडके बघितले होते. घरापासून पन्नास पावलांवर खाडी, आणि एवढं करून बघायचं मला सुचलं नव्हतं. मला सुचला होता वाकस.

खांब दोनदा गिरकी खाऊन स्थिर झाला. एक टोक वीतभर खाली बसलं. त्या टोकावर जमिनीच्या सारवणाचा शेणकट पट्टा होता, सहा वर्षांचा. बूड खाली होतं. पहिल्या दिवसापासून खालीच होतं.

"मगे ती गाठ?" मी विचारलं. "खाली जाता ती फांदी?"

बाबलीने मिटलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघितल्यासारखं केलं. "झाड पाडताना तूच सांगलंस माका. ती वाकलली फांदी. फणसांच्या भारान जमनीक टेकायची. तू ल्हान असताना तिच्यार झोके घेयस."

मी घेत असे. आईने त्या फांदीला दोर बांधून दिला होता. तो दोर, ती फांदी, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी तिथेच चिखलात बसलो आणि रडलो. बाबलीने थांबवलं नाही. उठून गाडीच्या वाटेला लागला.

आठ दिवस मी गोठ्याच्या दारातून हललो नाही. सातव्या दिवशी पोरगी प्याली. आठव्या दिवशी सकाळी तिने तोंड एवढं मोठं उघडून भोकाड पसरलं की गाय दावं तोडायला लागली. सुगंधा रडता रडता हसत होती. आळीतल्या बायका येऊन म्हणाल्या, "खांब काडलास म्हणान वाचला हो पोर." मी त्यांना हाकलून दिलं. तरी अजून खाडीवर तेच सांगतात.

दीड महिन्याने मी तळेऱ्याला बाबलीच्या घरी गेलो. फळी सुटली होती. हात होता, पण बोटं मिटत नव्हती. अंगठा काळा पडलेला. मी त्याच्या पायाशी बसलो. म्हटलं, "सांग, काय करू. पोलिसांत जातंय, म्हण. माझो हात मोड, म्हण."

त्याने अंगठा चोळला. "भाईचो पोटमाळो अर्धो रवलो," म्हणाला. "मी सांगीन तसा करशीत?"

खारेपाटणला भाईने मला दारात बघितलं आणि त्याचा हात अडसरावर गेला. बाबली मध्ये उभा राहिला.

"हो माझो हात," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला.

भाईने माझ्या तोंडाकडे बघितलं, दोन दातांच्या जागेकडे. मग अडसर भिंतीला लावला, आत गेला आणि गुळाचा खडा नि पाण्याचा तांब्या घेऊन आला. कामाला आलेल्या माणसाला देतात तसा. "सांजेपर्यंत तू माझो माणूस," म्हणाला. 

पोटमाळ्याखाली एक नवा खांब द्यायचा होता. तासलेलं लाकूड मी बाबलीपुढे आडवं केलं. त्याने सवयीने डोळे मिटले आणि एका टोकावर अंगठा फिरवला. मग दुसऱ्या टोकावर. परत पहिल्या.  डोळे न उघडताच तो म्हणाला, "माका कळणा नाय."

भाई दुकानाकडे वळला आणि उगाच पोती मोजायला लागला.

"नदीर घेवन जा," बाबली म्हणाला. "खंयचा टोक खाली बसता ता बघून ये."

त्याला दहा वर्षं होतील. ज्या ज्या घरात आम्ही काम केलं, त्या त्या घराचा प्रत्येक खांब मी खांद्यावरून पाण्यापर्यंत नेला आहे आणि भिजलेला परत आणला आहे. घरधनी विचारतात, मेस्त, ह्या कशाक? बाबली काही सांगत नाही. मीच सांगतो, सुरुवातीपासून, दातांसकट.